निर्व्यंग

गेटवे ऑफ इंडियाखाली उभं राहून मान वर केली की कमानीवर कोरलेली तारीख दिसते. २ डिसेंबर १९११. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी त्या दिवशी अपोलो बंदरावर उतरले, त्याची ती आठवण. ते दोघं आले तेव्हा कमान नव्हतीच. पायाचा दगड १९१३ साली बसला आणि कमान खुली व्हायला १९२४ उजाडलं. आता तिथे गळ्यात कॅमेरे अडकवलेले फोटोवाले फिरतात, घारापुरीच्या लाँचची तिकिटं विकणारे ओरडतात, कबुतरं उडतात. वरचं कोणी वाचत नाही. मीही इतकी वर्षं वाचलं नव्हतं. एकदा लाँचला उशीर झाला म्हणून वाचलं, आणि मनातल्या मनात हिशेब झाला: या दिवशी जॉनला सातवं वर्ष चालू होतं.

जॉन म्हणजे या राजाराणीचं सहावं आणि शेवटचं मूल. जन्म १२ जुलै १९०५, इंग्लंडात नॉरफोक परगण्यातल्या सँड्रिंगहॅमच्या इस्टेटीवर. घरात सगळे त्याला जॉनी म्हणत. चौथ्या वर्षी, म्हणजे १९०९ साली, त्याला पहिली फिट आली. आपण तिला फेफरं म्हणतो, मिरगी म्हणतो, आकडी म्हणतो; वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत अपस्मार म्हणतात. भारताच्या दौऱ्यावर राजाराणीनं कोणत्याच मुलाला आणलं नव्हतं, तेव्हा इथल्या गैरहजेरीचं काही वाटायला नको. पण त्याच वर्षी २२ जूनला वेस्टमिन्स्टर ॲबीत बापाचा राज्याभिषेक झाला, त्याला बाकीची पाच भावंडं नटूनथटून गेली होती. जॉन नव्हता.

पुढे पहिलं महायुद्ध चालू असताना त्याला सँड्रिंगहॅमच्याच हद्दीत, वुल्फर्टन गावाजवळच्या वुड फार्म नावाच्या शेतघरात वेगळं ठेवलं. बरोबर दाई शार्लट बिल. मुलं तिला लाला म्हणत. १९१३ नंतर त्याचं अधिकृत चित्र काढून घेतलेलं नाही. १८ जानेवारी १९१९ रोजी मोठी फिट आली आणि झोपेतच त्याचा प्राण गेला. वय तेरा. तीन दिवसांनी सँड्रिंगहॅमच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं. महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते, घरोघरी मुलगे मेलेले होते; राजाच्या एका आजारी पोराचं मरण त्यात बुडून गेलं.

ही गोष्ट करुण आहे म्हणून मी सांगत बसलेलो नाही. राजवाड्यातल्या करुण गोष्टींना तोटा नाही, आणि आपल्याकडे त्या चवीनं वाचणारेही भरपूर आहेत. मला ती सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या आत्याच्या माडीवर घडलेली आहे.

आत्याचं घर कोकणात. खाली ओटी, पडवी, माजघर. वर लाकडी जिन्याची माडी. मे महिन्यात आम्ही भावंडं तिकडे जायचो. आत्याचा धाकटा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. ओटीवर पत्ते खेळत होतो, त्याची पाळी होती. तो पानं टाकीना. ‘टाक ना रे,’ म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं तर तो माझ्या पलीकडे कुठेतरी बघत होता. मग हातातली पानं एकेक करून गळाली, तो ताठ झाला, आडवा झाला, आणि अंगाला झटके सुरू झाले. आत्याच्या यजमानांनी पायातली वहाण काढून त्याच्या नाकाशी धरली. कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. कोणीतरी दातांत चमचा घालायला गेलं आणि समोरच्या दाताचा टवका उडाला. दोनेक मिनिटांत सगळं थांबलं आणि तो घोरायला लागला. आत्यानं पदरानं त्याच्या तोंडाचा फेस पुसला. पुसता पुसता तिनं मान वळवून बेड्याकडे, रस्त्याकडे पाहिलं.

‘कोणी पाहिलं का रे?’ तिनं मला विचारलं.

मी आठ वर्षांचा होतो. त्या वयात मला त्या प्रश्नाचं काही वाटलं नाही. पुढे पाहुणे यायचे, थोरल्या ताईला बघायला यायचे, तेव्हा आत्या त्याला म्हणायची, ‘बाळा, माडीवर जा. मी हाक मारीपर्यंत उतरायचं नाही हं.’ तो निमूट जिना चढायचा. कधी कधी पाहुण्यांना चहा देताना वरून फळीवर पाय वाजायचे. ‘मांजर आहे,’ असं आत्या सांगायची.

इथे वहाणेचं एकदा मिटवून टाकू, कारण अजूनही बसस्टँडवर आणि लोकलच्या फलाटावर ती हातात घेऊन धावणारे भेटतात. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. त्यातल्या पुष्कळ पेशी एकदम, एका वेळी, भलत्याच जोरानं बोलू लागल्या की फिट येते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. धावपळ करून वहाण शोधून नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. फिट थांबते आणि श्रेय वहाणेला जातं. देवऋषाचंही तेच. दोन फिटांमध्ये कधी आठवड्याचं अंतर असतं, कधी सहा महिन्यांचं. उतारा टाकल्यावर योगायोगानं मोठं अंतर पडलं की उतारा लागू पडला, लहान पडलं की पथ्य पाळलं नाही. करायचं असतं ते फार थोडं: माणसाला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सोडायचं, डोक्याखाली काही मऊ सरकवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. एवढं शाळेत पाढ्यांबरोबर शिकवता येईल.

आता जॉनकडे परत जातो, कारण तिथे वहाण नव्हती, पैशाची अडचण नव्हती, डॉक्टरांची तर नव्हतीच. या आजारात थोडाफार गुण देणारं पहिलं औषध, पोटॅशियम ब्रोमाइड, १८५७ साली लंडनमध्ये वैद्यांच्या सभेत मांडलं ते सर चार्ल्स लोकॉक यांनी. लोकॉक कोण? जॉनच्या पणजीचे, व्हिक्टोरिया राणीचे, बाळंतपणाचे डॉक्टर. फिट म्हणजे मेंदूच्या पेशींचा अचानक उडालेला भडका, ही आजची समजूत ज्यांच्यापासून सुरू होते ते ह्यूलिंग्ज जॅक्सन लंडनमध्येच काम करत होते आणि जॉन सहा वर्षांचा असताना वारले. फिनोबार्बिटल या गोळीचा उपयोग १९१२ साली जर्मनीत ध्यानात आला. म्हणजे त्या पोराच्या आयुष्यातच हा आजार देवाच्या कोपातून निघून दवाखान्यात येऊन बसत होता. त्याला बरं करणं तेव्हा कोणाच्या हातात नव्हतं, हे कबूल. पण ‘हा मेंदूचा आजार आहे, दम्यासारखा, हिवतापासारखा’ असं म्हणणं राजाच्या हातात होतं.

कोणी म्हणेल, राजानं म्हटल्यानं काय होतं? याच घराण्याचे दोन दाखले देतो. १८५३ साली व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतलं. तोवर बाळंतपणाच्या कळा कमी करणं धर्माला धरून आहे की नाही यावर पाद्री आणि डॉक्टर भांडत होते. राणीनं घेतलं म्हटल्यावर त्या वादातली हवाच गेली. घरोघरच्या बायका आपण होऊन मागू लागल्या. दुसरा दाखला जॉनच्या आजोबांचा. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरलेला. जगभरचे पाहुणे येऊन उतरलेले. दोन दिवस आधी त्याचं आंत्रपुच्छ पिकलं. सोहळा पुढे ढकलला, कारण जाहीर केलं आणि फ्रेडरिक ट्रीव्हज या सर्जननं राजवाड्यातच शस्त्रक्रिया केली. ९ ऑगस्टला राजानं मुकुट घातला. अपेंडिक्सला सुरी लावायची म्हणजे मरणच, असं मानणारी प्रजा त्यानंतर ऑपरेशनला तयार होऊ लागली. एका माणसाच्या पोटदुखीनं किती पोटं वाचली याची मोजदाद कोण करणार!

आपल्याकडे हे निराळं सांगायला नको. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा पुनर्विवाहाला कायद्याची परवानगी मिळून सदतीस वर्षं झाली होती. व्याख्यानंही पुष्कळ झाली होती. कर्वे बायकोला घेऊन मुरुडला आपल्या गावी गेले, वाळीत पडले, आईनं भोगलं, आणि तरीही ते झाकलं नाही. सुधारणा घराच्या ओटीवर आली की लोकांना ती दिसते. माजघरात झालेली सुधारणा ही खासगी सोय असते.

आता पाचव्या जॉर्जच्या घरात काय झालं पाहा. १९१७ साल. जर्मनीशी लढाई, आणि राजघराण्याचं आडनाव जर्मन: साक्स-कोबर्ग-गोथा. लोक काय म्हणतील म्हणून जुलैत आडनाव बदलून विंडसर केलं. त्याच वर्षी रशियाच्या झारची गादी गेली. झार निकोलस हा जॉर्जचा सख्खा मावसभाऊ, दिसायला इतका सारखा की फोटोत ओळखू येऊ नये. त्याला इंग्लंडात आसरा द्यायचं सरकारनं ठरवलं होतं. राजाच्या बाजूनंच नको म्हणून दबाव आला, कारण पुन्हा तेच, लोक काय म्हणतील. आणि याच सुमाराला धाकटा मुलगा शेतघरात. मुलाच्या बाबतीत हेच कारण होतं असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. डॉक्टरांचा सल्ला होता, फिटा वाढत चालल्या होत्या, बाकीच्या भावंडांना त्रास नको हा विचारही असेल. पण जगाच्या चौथाई भागावर ज्याचं राज्य, त्यालाही चार लोकांची भीती आमच्या आत्याइतकीच होती, हे मात्र मला त्या एका वर्षाकडे पाहिल्यावर कळलं.

न्यायानं दुसरी बाजूही मांडतो. वुड फार्म ही काही कोठडी नव्हती. मोकळं रान होतं, तीनचाकी सायकल होती. आजी, राणी अलेक्झांड्रा, त्याला चहाला बोलवायची. तिनं त्याच्यासाठी बाग राखली होती. त्या काळी गरिबाघरचं असं मूल वेड्यांच्या इस्पितळात किंवा अपस्मारींच्या वसाहतीत गेलं असतं, त्या मानानं हे फार बरं. आणि दरबारी कपडे घालून तासन् तास उभं राहण्यापेक्षा त्याला शेतघर आवडतही असेल. आजीनंच कुठेशी लिहिलंय की पोराला आपल्या घराचा मोठा अभिमान आहे, पण सोबत्यासाठी झुरतो. मग सोबत शोधली. हॅलिफॅक्सची विनिफ्रेड थॉमस म्हणून एक दम्याची मुलगी हवापालटासाठी तिथल्या काकांकडे आली होती, ती त्याच्याशी खेळू लागली. एकीला दमा, एकाला फिटा. दोघं सायकलवरून रान पालथं घालायची. तिच्या दम्याबद्दल मात्र कोणाला काही लपवावंसं वाटलं नव्हतं.

मुलाला गर्दीपासून जपणं आणि मुलाला गर्दीपासून लपवणं, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फरक कसा ओळखायचा, तर दार कोण उघडू शकतं ते बघावं. मुलाला वाटलं म्हणून तो आत गेला आणि वाटलं म्हणून बाहेर आला, तर ते जपणं. पाहुणे गेल्याची हाक येईपर्यंत त्याला जिना उतरता येत नसेल, तर ते काय आहे हे आत्याच्या मांजरालाही समजेल.

लपवण्याचा परिणाम घरातल्या बाकीच्यांवर कसा होतो, तेही या घराण्यात दिसतं. जॉन गेला तेव्हा थोरला भाऊ डेव्हिड, म्हणजे पुढचा आठवा एडवर्ड, चोवीस वर्षांचा होता. त्यानं आपल्या मैत्रिणीला पत्रात लिहिलं की हा पोरगा माणसापेक्षा जनावरच जास्त झाला होता, नावापुरताच भाऊ होता. आईलाही असंच काही कोरडं लिहिलं, मग पस्तावून क्षमा मागितली. त्याला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या भावाची फारशी गाठच पडत नाही, त्याच्याबद्दल माया यायची कुठून? हाच डेव्हिड १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला, बहिष्कार झाला, दंगे उसळले. तो इतिहास आपल्याला पाठ आहे. आज भारतात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळतात तो दिवसही १७ नोव्हेंबरच. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये, तरी मला दर वर्षी आठवतो खरा.

सवय एकदा घरात शिरली की पिढी ओलांडते. जॉनच्या दुसऱ्या भावाची, सहाव्या जॉर्जची, राणी एलिझाबेथ. तिच्या दोन भाच्या, नेरिसा आणि कॅथरिन, मतिमंद होत्या. १९४१ साली दोघींना सरेमधल्या एका इस्पितळात ठेवलं. १९६३ साली निघालेल्या खानदानी घराण्यांच्या प्रसिद्ध वंशावळीत दोघी मेल्या म्हणून नोंद छापली गेली. नेरिसा त्यानंतर तेवीस वर्षं जगली, कॅथरिन २०१४ पर्यंत.

आणि झारकडे? तिथे तर याहून वाईट झालं. युवराज अलेक्सीला रक्त न गोठण्याचा आजार होता आणि तो राज्याचं गुपित म्हणून दडवला होता. प्रजेला ठाऊक नाही, त्यामुळे उघडपणे कोणाला विचारायची सोय नाही. मुलगा कळवळतोय, डॉक्टर हात टेकतात, आई रात्र रात्र उशाशी बसते. अशा घराच्या मागच्या दारानं कोण येतं? रास्पुतिन येतो. तो आला, मुलाला बरं वाटलं, आईचा विश्वास बसला, आणि हा साधू राजवाड्यात नेमका का येतो हे लोकांना सांगता येईना. कारण सांगायचं तर आजार सांगावा लागेल. मग लोकांनी आपल्या मनाची कारणं लावली, अतिशय घाणेरडी, आणि राणीची होती नव्हती ती अब्रू गेली. जुलै १९१८ मध्ये अलेक्सीला आईबापांसह गोळ्या घातल्या. त्याचंही वय तेरा.

महाराष्ट्रात आपण २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जन्म घातला आणि तो होण्याआधी त्यांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, दोरानं बांधणं, मिरच्यांची धुरी देणं हे आता गुन्हे आहेत. चांगलंच आहे. पण भगताला घरी बोलावतं कोण? बहुतेक वेळा ज्यांना आजार चारचौघांत सांगायची लाज वाटते ते. डॉक्टरकडे रांगेत बसावं लागतं, शेजारीण भेटते, ‘काय हो, कोणाला काय झालं?’ विचारते. भगत रात्री येतो आणि पहाटे जातो. तो भोंदू आहे हे कळूनही त्याला आत घेतलं जातं, कारण तो गुपित राखतो. कायदा भगताला पकडेल; आपल्या लाजेला कोणतं कलम लावणार?

कायद्याचीही एक गंमत सांगतो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि ज्याला वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येतात त्याचं लग्न रद्द होऊ शकेल, अशी तरतूद घातली गेली. वेड आणि अपस्मार एका ओळीत, एका दमात. वारंवार येणारी अर्धशिशी त्यात नाही, दारू नाही. हा ‘अपस्मार’ शब्द काढायला १९९९ साल उजाडावं लागलं. तेवीस वर्षं या देशात फिट येणाऱ्या मुलीच्या लग्नावर कायद्याची सुरी टांगलेली होती. कायद्यातून शब्द गेला. जाहिरातीतला शब्द अजून आहे: निर्व्यंग. रविवारच्या पुरवण्या चाळा. गोरी, सुस्वरूप, निर्व्यंग. मोटार घेतानासुद्धा इतक्या बेधडकपणे कोणी विचारत नाही.

या एका शब्दाची किंमत काय पडते ते सविस्तर बघण्यासारखं आहे. मुलीला फिट येते. गोळ्यांनी ती दोन-तीन वर्षांत आलेली नाही. लग्न ठरतं. सांगितलं तर मोडेल, म्हणून सांगत नाहीत. गोळ्यांची बाटली बदलतात, ‘डोकेदुखीच्या आहेत’ असं सांगायचं ठरतं. मग हळदीच्या दिवसापासून घर पाहुण्यांनी भरतं, गोळी काढायला आडोसा मिळत नाही, एक चुकते, दोन चुकतात. सीमांतपूजन, लग्न, जागरण, उपास, पहाटे उठून गौरीहर. झोप मोडणं आणि गोळी चुकणं, फिट ओढवून आणणारी हीच दोन मोठी कारणं, आणि लग्नघरात दोन्ही हमखास. सासरी तिसऱ्या दिवशी, सत्यनारायणाला बसलेली असताना, पोरगी कोसळते. पुढचं सांगायला नको. ‘फसवलं’ म्हणून ती माहेरी परत येते आणि माहेरचे म्हणतात, बघा, सांगितलं असतं तर लग्नच झालं नसतं. कोणी असं म्हणत नाही, की सांगितलं असतं तर तिनं सासऱ्यांदेखत पाण्याबरोबर गोळी गिळली असती आणि कदाचित काहीच झालं नसतं.

टिकलं तरी लपवण्याची वसुली पुढे होते. फिटेवरची काही औषधं पोटातल्या बाळाला घातक असतात. दिवस जाण्याआधीच डॉक्टरांना भेटून ती बदलून घ्यावी लागतात. नवऱ्यालाच माहीत नसेल तर ती जाणार कोणत्या निमित्तानं? आणि भ्यायलेली पोर एक दिवस सगळ्याच गोळ्या बंद करते. एकदम बंद केल्या की आधीपेक्षा जोरात फिटा येतात, कधी एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, न थांबणाऱ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांना नीट औषध मिळालं तर फिटांवाचून जगता येईल. भारतात अपस्मार असलेल्यांचा आकडा कोटीच्या वर धरतात. फिनोबार्बिटल हे जॉनच्या काळातलं औषध आजही चालतं आणि ते स्वस्तात स्वस्त औषधांपैकी आहे. गोळी आहे, डॉक्टर आहेत, कायद्यातला अडथळा गेला. उरलं काय? तर केसपेपरवर खरं नाव घालण्याची हिंमत.

हे मी मोघम म्हणत नाही. माझा आतेभाऊ वयाच्या पंधराव्या वर्षी गेला. श्रावणातली रात्र, धो धो पाऊस, तो माडीवर झोपलेला. सकाळी हाक मारली तर उठला नाही. घरात सगळ्यांनी ‘देवानं सोडवलं’ म्हटलं, आम्हीही तेच ऐकत वाढलो. आत्याच्या घरातल्या कुठल्याच फोटोत तो नाही. मुंजीचा एक ग्रुप फोटो आहे, त्यात तो असायला हवा. पण त्या दिवशी सकाळी त्याला फिट आली होती, म्हणून तो वर होता. शार्लट बिलनं जॉनचा फोटो म्हातारपणापर्यंत चुलीवरच्या फळीवर ठेवला होता म्हणतात, आणि त्याच्यापाशी त्यानं लिहिलेली चिठ्ठी, दाई, तू मला आवडतेस, एवढ्याच अर्थाची. आत्याकडे तेवढंही नव्हतं असं मी धरून चाललो होतो. तिच्या त्या ‘कोणी पाहिलं का रे’चा मला पुढे पुढे रागही यायचा. एकदा तिला बोललोही होतो, लग्नानंतर, नको तितकं. ती गप्प राहिली.

ती गेल्यावर तेराव्याला ट्रंक उघडली. नऊवारीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एक दुमडलेला केसपेपर निघाला. घाटावरच्या एका इस्पितळाचा. आत्या दर महिन्याला माहेरच्या देवीला जाते म्हणून पहाटेच्या एस.टी.नं मुलाला घेऊन घाट चढायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सासूचे टोमणेही आम्ही ऐकले होते. गावात औषधाचं दुकान होतं, पण दुकानदार ओळखीचा. म्हणून गोळ्यासुद्धा तिकडूनच, मोजून महिन्याच्या. केसपेपरवर तारखा होत्या, अडीच वर्षांच्या, एकही महिना न चुकलेल्या. शेवटची ज्येष्ठातली. मग आषाढ लागला. त्या वर्षी घाटात दरड कोसळून तीन आठवडे गाड्या बंद होत्या.

शेवटच्या नोंदीखाली डॉक्टरांनी ‘गोळी एक दिवसही बंद करू नये’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. वर, नावाच्या रकान्यात, मुलाचं नाव दुसरंच होतं आणि आडनाव आमचं, आत्याच्या माहेरचं.